आधीचे दिवस

दिवाळी अंकाचं संपादकीय बहुधा भर पावसात लिहिलं जातं. लेखकांना निरोप त्याही आधी, उन्हाळ्यातच गेलेले असतात. (काहींचे लेख गणपती गेले तरी येत नाहीत; तीही आपली परंपराच.) १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादकाची दिवाळी अशी महिनोन्‌महिने आधी सुरू होते. यंदा म्हटलं, या आधीच्या दिवसांबद्दलच लिहावं.

अनारशांचं पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग उपसून फडक्यावर पसरायचे आणि दमट असतानाच कुटायचे. पीठ चाळून त्यात गूळ मिसळायचा आणि गोळा काही दिवस मुरू द्यायचा. इतकं करूनही प्रमाण चुकलं की अनारसा तळणीत हसतो, म्हणजे तुपात पसरून विरतो, आणि घरातल्या सगळ्यांना तो दिसतो. आधीचा आठवडा मात्र कुणी पाहिलेला नसतो. आता तयार पिठाचं पाकीट मिळतं. ते आणण्यात कमीपणा काहीच नाही. पण तांदूळ कुणीतरी भिजवलेच आहेत. तयारी टळत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या अंगावर जाते.

दहीहंडीत कॅमेरा वरच्या पोरावर असतो. मुंबईतली पथकं गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फोडतात. कामावरून दमून आलेली मुलं रात्री मैदानात एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. थर लावण्याइतकाच ते नीट उतरवण्याचाही सराव करावा लागतो, कारण पुष्कळदा माणसं पडतात ती उतरताना. तळाच्या थरातल्याला तर हंडी फुटताना दिसतही नाही. तो मान खाली घालून उभा असतो.

कोकणात भाताची लावणी पाहायला हल्ली शहरातून लोक येतात, चिखलात फोटो काढतात. त्याआधी कडक उन्हात शेणी, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजला जातो, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. राखेवर पेरलेलं रोप पुढे जोमानं येतं, तण कमी माजतं. लावणीचं अर्धं यश त्या धुरात असतं.

सोहळ्याच्या दिवसाचं मानधन ठरतं, सत्कार होतात, हार पडतात. आधीचे दिवस मात्र ‘ते तर करावंच लागतं’ या खात्यात जमा होतात, आणि त्यांतले बरेचसे बायकांच्या नावावर असतात. हा हिशेब आम्हाला चुकीचा वाटतो.

म्हणून यंदा अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी, छपाई आणि बांधणी करणाऱ्यांची नावं अनुक्रमणिकेच्याही आधी छापली आहेत. ते पान उलटून पुढे जाऊ नका.