हाकेची पारख
१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदा सदन पुण्यात मार्गी लागलेले होते. तरीही देवानेच बोलावले, असे मानून त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या जमिनीवर या मुलींसाठी घरे उभी राहिली, विहिरी खणल्या गेल्या. देवाच्या मार्गदर्शनाला मन मोकळे ठेवणे म्हणजे बसलेली घडी मोडायची तयारी ठेवणे.

कुणीही स्वतःच्या इच्छेला देवाची हाक म्हणेल, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून तर प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सगळे पारखून घ्यायला सांगितले. माझी पहिली पारख अशी: झळ कुणाला बसते? हाक सांगणाऱ्याच्याच सोयीची निघाली, तर मंडळीने त्याला थांबवून विचारावे. नोकरी, लग्न अशा निर्णयांतही प्रार्थनेसोबत घरच्यांचे, पाळकांचे ऐकून घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.