चोळू नका, शेकू नका

मंडळी, थंडी म्हटली की आपल्याला शेकोटी आठवते. आम्हालाही आठवली, स्लोटरडाइक स्टेशनाबाहेर, फेब्रुवारी २०२१ मध्ये. ७ तारखेला हिमवादळ आले, देशभर कोड रेड, आगगाड्या बंद. वादळ गेले, पूर्वेचा वारा मात्र राहिला आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची उघड्यावर केबलची तपासणी!

स्लोटरडाइकचा वारा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ऑफिसांच्या उंच इमारतींमधून तो बोगद्यातून आल्यासारखा येतो. नुसते थर्मामीटर पाहून बाहेर पडू नये. हवा उणे ५ आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखे लागते. इथे बांधकाम कामगारांच्या सामूहिक करारात काम थांबवण्याची रेषा अशा 'जाणवणाऱ्या' तापमानावरच आखलेली आहे, उणे ६ ला. आम्हाला हे ठाऊक होते. तरी गप्प बसलो. भारतातल्या माणसाला थंडी सोसत नाही, असे कोणी म्हणायला नको ना!

बारीक स्क्रू बसेना म्हणून हातमोजा काढला. थोड्या वेळाने पाहतो तर करंगळी पांढरी, मेणासारखी. दुखत नव्हती, म्हणून उलट बरेच वाटले. खरे तर तेच वाईट लक्षण. केबिनमध्ये येऊन सवयीने बोट चोळू लागलो, मग हीटरवर धरणार, तोच फोरमनने मनगट पकडले. म्हणाला, "काखेत धर!"

त्याचे बरोबर होते. गारठून गोठू लागलेली कातडी चोळल्याने आतून फाटते आणि बधिर बोटाला चटका कळत नाही, ते भाजून निघते. कातडी कडक झाली असेल तर अंगाइतक्या कोमट पाण्यात बुडवावी, तीही पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच, आणि डॉक्टर गाठावा. आमच्या सौ.नी घरी बाम काढून ठेवला होता, तो तसाच परत ठेवावा लागला.

आणखी एक, आपले लाडके सुती बनियन. घामाने भिजले की ते अंगातली ऊब शोषून घेते. आत लोकरीचे घाला. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका, रक्त फिरत नाही.

शिकायला आलेली आपली मुले सायकलवरून जेवण पोचवतात, त्यांना एवढे जरूर सांगा : हुडहुडी भरते आहे तोवर आत येऊन ऊब घ्यायला वेळ आहे. ती थांबली, जीभ जड झाली, हातातून वस्तू पडू लागल्या, की लगेच ११२.

आमची करंगळी वाचली. गार पाणी लागले की अजून टोचते.