जंतनाशकाची शक्ती राखणे हे साऱ्या गावाचे काम

शेळ्यांना जंतांचे औषध पाजावे की नाही, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. परंतु अमुक इतक्या शेळ्यांना औषध पाजले, अशी नोंद झाली की काम पुरे झाले असे मानण्याची जी रीत पडली आहे, ती फेरविचारास पात्र आहे. पाजलेल्या औषधाने जंत मेले काय, हा खरा प्रश्न होय. आणि तोच बहुधा विचारावयाचा राहून जातो.

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. हवा उबदार व गवत सदैव ओले. जंतांच्या वाढीस याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. त्यातच खाचरांत भात उभे असल्यामुळे शेळ्यांना बांध, डोंगरउतार व माळ एवढीच जागा चरावयास उरते. थोड्या जागेत पुष्कळ जनावरे, आणि तेथेच त्यांच्या लेंड्या, अशी स्थिती होते. लेंड्यांतील अंड्यांतून निघालेल्या अळ्या आठवड्याच्या आतबाहेर गवताच्या बुडाशी चढून बसतात व चाऱ्याबरोबर शेळीच्या पोटात जातात.

या जंतांत सर्वांत घातक हिमॉन्कस नावाचा रक्तपिपासू गोलकृमी होय. याची एक मादी दिवसास पाच ते दहा हजार अंडी घालते. एक कृमी दिवसाकाठी सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त गमावण्यास कारण होतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल; परंतु पोटात असे हजार कृमी असले तर रोज 50 मिलिलिटर रक्त जाते, आणि वीस किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त दीड लिटरही नसते. डोळे पांढरे पडणे, जबड्याखाली पाण्याची सूज येणे व एके दिवशी शेळी बसली ती न उठणे, हा क्रम शेळीपालकांच्या परिचयाचा आहे.

अशा शत्रूवर औषध हेच मोठे शस्त्र. म्हणूनच ते बोथट होऊ देणे परवडणारे नाही. शेतकरी चांगल्या लोंब्या निवडून पुढील सालाचे बियाणे राखतो, हे भाताच्या या मुलखात कोणास सांगावयास नको. औषधही तशीच निवड करीत असते. फरक इतकाच की ते बियाणे जंतांचे असते. औषधाने दुर्बळ जंत मरतात आणि ज्यांना ते बाधत नाही तेवढेच मागे उरतात. पुढची पिढी त्यांचीच होते. तेच औषध वारंवार व अपुऱ्या मात्रेत दिल्यास काही वर्षांतच माळावर औषधास न जुमानणाऱ्या जंतांचे पीक येते.

ही केवळ शंका नव्हे. फिनोथायझीन या जुन्या औषधास हिमॉन्कस दाद देत नाही, असे अमेरिकेत 1957 साली नमूद झाले. 1961 साली थायाबेंडाझोल हे नवे औषध आले. 1964 सालीच त्याचीही तीच गत झाल्याचे आढळले. भारतात मेंढ्यांच्या बाबतीत अशी नोंद 1976 साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थान येथील प्रक्षेत्रांवर आज प्रचारात असलेल्या अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल यांच्या वर्गातील औषधांबाबतही तोच अनुभव आला. दर वेळी नवे औषध येईल या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

शेळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे. तिचे यकृत अनेक औषधांचा निचरा मेंढीपेक्षा लवकर करते. मेंढीस गोलकृमींसाठी अल्बेंडाझोल दर किलो वजनास 5 मिलिग्रॅम दिले जाते. शेळीस याच्या दुप्पट मात्रा लागते, असे तज्ज्ञांचे मत आहे. अडीच टक्के द्रावणाचा हिशेब केल्यास वीस किलोच्या शेळीस 8 मिलिलिटर होतात. चार दिल्यास ते न दिल्यासारखेच, किंबहुना त्याहून वाईट. मात्र हा दुपटीचा नियम सर्व औषधांस लागू नाही. लेव्हामिसोलसारखे औषध दुप्पट दिल्यास विषबाधेचा धोका असतो. नुकत्याच फळलेल्या शेळीस अल्बेंडाझोल देऊ नये. म्हणून मात्रा पशुवैद्यकास विचारूनच ठरवावी, आणि वजन नजरेने न ठरवता ताणकाट्यावर घ्यावे.

तथापि, औषध लागू पडले नाही म्हणजे जंत निगरगट्ट झाले, असा घाईचा निष्कर्षही काढू नये. भातखाचरांच्या पाणथळ जागी गोगलगायींमार्फत पर्णकृमी पसरतात व ते शेळीच्या यकृतात घर करतात. गोलकृमींसाठीच्या मात्रेने ते मरत नाहीत. त्यांना निराळा उपचार लागतो. डोळे दोहोंतही पांढरे पडतात. शिवाय औषधानंतर शेळी त्याच दूषित माळावर गेली की तीन आठवड्यांत तिच्या पोटात पुन्हा जंत वाढलेले असतात. यांतले खरे कारण कोणते, याचा निर्णय लेंड्यांच्या तपासणीनेच होतो. औषध देण्याच्या दिवशी व नंतर चौदाव्या दिवशी त्याच दहाएक शेळ्यांच्या लेंड्या तपासाव्या. अंड्यांची संख्या 95 टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली, तर औषधाविषयी संशय घेण्यास जागा आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा सरसकट औषध देण्याचा. कळपातील बहुतेक जंत साधारणतः थोड्याच शेळ्यांच्या पोटी असतात. डोळ्याच्या आतील पापणीचा रंग तक्त्याशी ताडून अशक्त शेळी निवडण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेत निघाली व आता अनेक देशांत रूढ आहे. ज्यांचा रंग फिका त्यांनाच औषध द्यावे. लाल डोळ्याच्या धडधाकट शेळ्या तशाच राखाव्या. त्यांच्या पोटातील जंतांना औषध लागलेले नसते, म्हणून त्यांची प्रजा औषधास बळी पडणारीच राहते व निगरगट्ट जंतांचे प्राबल्य होऊ देत नाही.

एवढी खटपट गरीब शेळीपालकास कशी झेपावी, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. हातावर पोट असणाऱ्यास लेंड्या घेऊन प्रयोगशाळेत जाणे शक्य नाही. परंतु म्हणूनच हे काम एकट्यावर न टाकता पशुसखी व ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावयाचे आहे. चाळीस शेळ्यांचे डोळे पाहण्यास एक सकाळ पुरते. नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासणीस धाडता येतात. पुण्यास औंध येथे रोग अन्वेषण विभाग आहे, आणि कर्जतहून लोकलने जाता येईल अशा परळला 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय निवडून औषध दिल्याने औषधाचा खर्चही वाचतो.

वाडीतील सर्वांच्या शेळ्या एकाच माळावर चरतात. एकाने अपुरी मात्रा दिली तर त्याच्या कळपातील निगरगट्ट जंत उद्या शेजाऱ्याच्या शेळीच्या पोटात जातात. बाजारातून आणलेली शेळी दोन आठवडे वेगळी बांधावी, तिच्या लेंड्या खतखड्ड्यात टाकाव्या व तपासणीनंतरच तिला कळपात सोडावे. औषधाची शक्ती ही गावाच्या पाणवठ्यासारखी सामाईक ठेव आहे. ती एकाने राखून राहत नाही, पण एकाने नासवली तर सर्वांचीच नासते. यापुढे औषध पाजलेल्या शेळ्यांच्या नोंदवहीत ‘चौदाव्या दिवसाचा निकाल’ असा आणखी एक रकाना आखला जावा, आणि कामाचे मोजमाप त्यावरून व्हावे.