गोळीची ताकद आणि नेमाची जबाबदारी

पालघर : बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्याच्या पूर्वेस, मनोरजवळील बोरशेतीच्या जंगलात जानेवारी २०२५ मध्ये रानडुकराच्या शिकारीस गेलेला एक ग्रामस्थ सोबत्याच्याच गोळीने ठार झाला. रानडुक्कर समजून बार उडविला गेला होता.

मोठे जनावर जागीच लोळविण्याची काडतुसाची क्षमता गोळीच्या गतिज ऊर्जेवरून अजमावण्याचा प्रघात आहे. वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. तथापि गोळीची बनावट, ती किती खोल शिरते आणि कोठे लागते, यांवरच परिणाम ठरतो. समोर जनावर आहे की माणूस, हे मात्र कोणतेही गणित सांगत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुकराची विनापरवाना शिकार गुन्हा आहे. चोरून केलेल्या शिकारीत ना परवाना, ना देखरेख. अशा वेळी काडतूस जितके जबर, तितकी चूक प्राणघातक.