ऐकणे आणि उमजणे

सांगितलेले मुलाला समजले नाही की, ‘तुझे लक्ष कोठे आहे?’ असे त्याला दरडावून विचारले जाते. पुन्हा तसेच घडले, तर त्याला ‘ढ’ ही पदवी मिळते. परंतु हा न्याय नव्हे. ऐकणे आणि उमजणे यांच्या दरम्यान दोन पायऱ्या आहेत. एक कानाची व दुसरी स्मरणाची. त्यांपैकी एखादी निसटली, तर हुशार मूलही वाक्याच्या अर्थापर्यंत पोहोचत नाही.

प्रथम कानाची पायरी पाहावी. ‘गाईने वासराला शोधले’ आणि ‘गाईला वासराने शोधले’ या वाक्यांचा अर्थ बदलतो तो ‘ने’ व ‘ला’ या एवढ्याशा अक्षरांमुळे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात मराठीबरोबर उर्दूही पिढ्यानपिढ्या बोलली जाते. उर्दूत ‘ळ’ नाही. म्हणून उर्दू बोलणाऱ्या घरातील मुलाला आरंभी ‘वेळ’ व ‘वेल’ हे शब्द सारखेच वाटू शकतात. उलट, उर्दूतील घशातून उच्चारला जाणारा ‘ख’ मराठी कानाला साध्या ‘ख’सारखा भासतो. यात बुद्धीचा दोष नाही. कान ज्या ध्वनींत वाढतो, तेच तो चटकन ओळखतो.

दुसरी पायरी स्मरणाची. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘काल मामांनी जालन्याहून आणलेली पेटी आजीच्या खोलीतील खिडकीजवळ ठेवू नकोस,’ हे वाक्य ऐकताना सारे शब्द अखेरपर्यंत मनात धरून ठेवावे लागतात. ही शक्ती मोठ्या माणसांचीही मर्यादित असते. एका वेळी सुमारे ७ गोष्टी ध्यानात राहतात, असे जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले. पुढील संशोधकांनी हा आकडा ४ पर्यंत खाली आणला. लहान मुलांची शक्ती त्याहूनही कमी असते व ती वयाबरोबर वाढत जाते. त्यातच खिडकीबाहेर मोटारींचा गोंगाट असला, तर अस्पष्ट शब्द ओळखण्यातच मनाचे बळ खर्च होते आणि आधीचे शब्द निसटतात. शेवटचा ‘नकोस’ त्या गोंगाटात बुडाला, की मूल नेमके उलट करते आणि बोलणी खाते!

याच जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांनी सामान्य जनांसाठी भारुडे रचली. भारुड गाताना ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या स्मरणाला विसावा मिळतो. सांगणाऱ्याने यापासून धडा घ्यावा. वाक्ये लहान असावीत, उच्चार स्पष्ट असावेत आणि महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगावी. एखाद्या मुलाला वारंवार ऐकू येत नसेल, तर शिक्षा करण्यापूर्वी त्याचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. न समजता त्याने मान डोलवू नये. ‘कृपा करून पुन्हा सांगा,’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. तसे म्हणणाऱ्याला हसणे, हीच खरी लाजिरवाणी गोष्ट होय.