सुट्टीत तिचं ताट वेगळं का?

आम्ही बडोद्याचे, दीर पुण्याचे, नणंद हैदराबादची. वर्षातून एकदा सगळे मिळून चार-पाच दिवस कुठेतरी जातो. लहान-मोठी धरून ११ माणसं.

माझ्या १३ वर्षांच्या पुतणीला सीलिअ‍ॅक आहे. गहू आणि जवातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. यावर गोळी नाही. पथ्य हेच औषध, तेही जन्मभराचं. पोळी, ब्रेड, बिस्किटं, शिरा, शेवया सगळं बंद.

गेल्या वर्षीच्या सहलीत पहिल्याच रात्री आम्ही सगळे रोटी-भाजीवर ताव मारत होतो आणि ती दहीभात खात होती. दुसऱ्या दिवशी मीच तिला इडली-सांबार आग्रहानं वाढलं. इडली तांदळाची, सांबार डाळीचं, मग काय हरकत? संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं. जाऊबाईंनी परत जाऊन विचारलं, तेव्हा हिंगाच्या डबीवर लिहिलेलं सापडलं: गव्हाचं पीठ! आपल्या बऱ्याच बांधणीच्या हिंगात ते असतं. इतकी वर्षं फोडणी करतेय, पण डबीवरचं कधी वाचलं नव्हतं.

रात्री ती मला म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी मी नाही आले तरी चालेल. सगळ्यांना माझ्यामुळे त्रास होतो."

दुखणं एक दिवसाचं होतं, पण हे वाक्य माझ्या मनातून जाईना.

त्याच सहलीत सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "प्रसादाला नाही म्हणू नये गं, एका घासानं काय होतंय?" तेव्हा नणंद हळूच बोलली, "आई, परवा तुझी एकादशी होती. आम्ही भगर आणि दाण्याची आमटी शोधत गावभर फिरलो. एक घास पोळी खा, असं कुणी म्हणालं का तुला?"

सासूबाई गप्प झाल्या. मला मात्र उत्तर सापडलं. उपास सांभाळायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. भांडी वेगळी, तेल वेगळं, मीठसुद्धा वेगळं! हे सगळं आपण न कुरकुरता करतो. मग तेच मुलीच्या पथ्यासाठी का जमू नये?

यंदा आम्ही मुद्दाम मालवणजवळ घरगुती राहण्याची सोय बघितली, कारण कोकणात भात, भाकरी, घावणे, आंबोळ्या हे रोजचंच जेवण. आठ दिवस आधी तिथल्या ताईंना फोन केला. "ग्लूटेन-फ्री मिळेल का?" असं न विचारता विचारलं, "गहू, मैदा, रवा तुमच्याकडे कशाकशात पडतो?" मग त्यांनीच सांगितलं, की वड्यांच्या पिठात थोडे गहू असतात आणि मासे रव्यात घोळवतात. वडे रद्द झाले, मासे तांदळाच्या पिठात घोळवायचे ठरले. फोडणी लसणीची, हिंगाला सुट्टी. तवा, कढई आणि झारा आम्ही घरून नेला. तिचं आधी करायचं, कणकेचा डबा नंतर उघडायचा.

प्रवासात राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी, उकडलेली अंडी सोबत घेतली. वाटेतला साबुदाणा वडा मात्र टाळला, कारण त्याच कढईत समोसेही तळलेले असतात. पाकीटबंद खाऊ घेताना 'ग्लूटेन-फ्री' असा शिक्का बघितला. आपल्याकडे त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्रीचं जेवण सगळ्यांना तेच, जे तिला चालेल. पोळीवाचून चार दिवस कुणाचं काही अडलं नाही. ताईंना "आधी माझ्या नातीचं करा हो," असं सांगायला स्वयंपाकघरात रोज सासूबाईच जात होत्या. शेवटच्या दिवशी उकडीचे मोदक झाले. पुतणीनं चार खाल्ले, तेही कुणाला काही न विचारता.

तुमच्याही घरात कुणाला मधुमेह असेल, कुणाला शेंगदाणा चालत नसेल, कुणी कांदा-लसूण खात नसेल. तिकिटं काढाल त्याच दिवशी त्या माणसाशी बसून बोला. काय चालत नाही ते विचारा, आणि काय आवडतं तेही विचारा.

परतीच्या गाडीत पुतणीनं विचारलं, "काकू, पुढच्या वर्षी कुठे जायचं?"