विश्लेषण : ‘सीनियर वकील’, ‘लेबर स्पेशालिस्ट’... बजाजनगरच्या कामगाराने वकील लावताना काय पाहावे?

वाळूज एमआयडीसीतील नोकरी गेली, पगार अडकला किंवा कंपनीच्या वाटेवर अपघात झाला, की बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर परिसरातील कामगाराला वकील शोधावा लागतो. मोबाइलवर शोधले तर ‘सीनियर ॲडव्होकेट’, ‘लेबर लॉ एक्स्पर्ट’ अशी बिरुदे समोर येतात. मोठ्या कंपनीकडे बहुधा लॉ फर्म असते. तिथे कामगार, विमा, कर, करार अशा प्रत्येक विषयाला वेगळा ज्येष्ठ वकील असतो. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्याने मुदती आणि व्याख्याही बदलल्या आहेत. या बिरुदांना कायद्यात किती अर्थ आहे आणि कोणते प्रकरण कुठे न्यायचे?

‘सीनियर’ नेमके कोण?

वीस-पंचवीस वर्षे वकिली केलेल्याला बोलताना सीनियर म्हणतात, पण कायद्यातला ‘सीनियर ॲडव्होकेट’ वेगळा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम १६ नुसार वकिलांचे दोनच वर्ग आहेत : सीनियर ॲडव्होकेट आणि इतर. हा दर्जा सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देते, फर्म नाही. इंदिरा जयसिंग प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी गुणपद्धत आणली होती. मे २०२५ मध्ये ती न्यायालयानेच मोडीत काढली.

कामगाराच्या कामाची बाब पुढची आहे. असा दर्जा मिळालेला वकील वकीलपत्र दाखल करू शकत नाही आणि पक्षकाराकडून थेट प्रकरणही घेऊ शकत नाही. मध्ये दुसरा वकील लागतोच. त्यामुळे ‘मी सीनियर आहे, इथे वकीलपत्रावर सही करा’ असे कोणी म्हणत असेल, तर तो वयाने किंवा अनुभवाने सीनियर आहे, इतकाच त्याचा अर्थ.

मग ‘लेबर स्पेशालिस्ट’ ही पाटी?

डॉक्टरला हृदयरोगतज्ज्ञ व्हायला वेगळी पदवी लागते. वकिलाची सनद मात्र एकच. ती घेऊन घटस्फोटापासून जीएसटीपर्यंत कोणतेही प्रकरण चालवता येते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि नामफलकावर ‘अमुक विषयातला विशेषज्ञ’ असेही लिहिता येत नाही. २००८ मधील दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद क्रमांक, पदव्या आणि ‘प्रॅक्टिस एरिया’ देण्याची मुभा मिळाली. म्हणजे फर्मच्या पानावर दिसणारी विषयांची यादी ही तिची स्वतःची माहिती असते. ती कोणी तपासून दिलेली नसते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची जाहिरात करणाऱ्या ऑनलाइन पोर्टलवर कारवाई करण्यास बार कौन्सिलला सांगितले, ते याच नियमाच्या आधारे.

विषयाचा वकील नसेल तर काय बिघडते?

बडतर्फीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, राज्याचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा. कोर्टाच्या भाषेत ‘यूएलपी’. त्यात तक्रार ९० दिवसांत करावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. दुसरी वाट औद्योगिक विवादाची, म्हणजे आधी कामगार आयुक्तालयात समेट आणि मग न्यायाधिकरण. जुन्या कायद्यात बडतर्फ कामगाराला यासाठी तीन वर्षे होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोन. संहितेने तीन केंद्रीय कायदे रद्द केले. राज्याचा १९७१ चा कायदा त्या यादीत नाही. एकदा यूएलपी दाखल केली, की त्याच मुद्द्यावर दुसऱ्या वाटेने जाता येत नाही, असे या कायद्याचे कलम ५९ सांगते.

खरी मेख कंत्राटी कामगाराच्या बाबतीत आहे. वाळूजसारख्या पट्ट्यात एकाच शेडमध्ये कायम, ठेकेदाराचे आणि ट्रेनी असे कामगार शेजारी शेजारी उभे असतात. ‘हा आमचा कामगारच नाही’ असे कंपनीने म्हटले आणि मालक-कामगार नाते आधी सिद्ध झालेले नसेल, तर यूएलपी तक्रार टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणात २००१ मध्ये हे स्पष्ट केले. ते माहीत नसलेल्या वकिलाने चुकीच्या दारात प्रकरण टाकले, तर निकाल विरोधात जायला अनेक वर्षे लागू शकतात, आणि तोवर दुसऱ्या वाटेची मुदत उलटून गेलेली असते.

पदनामाचेही तसेच. पर्यवेक्षकाचे काम करणाऱ्याचे वेतन जुन्या कायद्यात दरमहा १० हजारांवर गेले, की तो ‘कामगार’ राहत नसे. संहितेत ही मर्यादा १८ हजार आहे. ती ओलांडली, तर कामगार न्यायालयाचा रस्ता बंद होऊन दिवाणी दावा उरतो. नेमणूकपत्रावर ‘सुपरवायझर’ लिहिले असले, तरी प्रत्यक्ष काम काय होते, हे महत्त्वाचे. ते पुराव्यानिशी मांडणे हाच कामगार वकिलाचा अर्धा व्यवसाय.

अपघाताचे प्रकरण कोणाकडे?

जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एक प्रकरण इथे पाहण्यासारखे आहे. एप्रिल २००३ मध्ये साखर कारखान्याचा एक वॉचमन पहाटे तीनच्या ड्युटीला मोटारसायकलवरून जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात दगावला. भरपाई आयुक्तांनी ३ लाख २६ हजार रुपये मंजूर केले. कामावर जातानाचा अपघात ‘नोकरीच्या ओघात’ होत नाही, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. घर ते कामाची जागा हा प्रवासही, वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध असल्यास, त्यात येतो, असे न्यायालय म्हणाले. कुटुंबाला बावीस वर्षे लागली.

मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कर्मचारी भरपाई कायदा यांपैकी एकच वाट निवडता येते. न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत आता अपघातापासून सहा महिने आहे. ‘ईएसआय’ कापला जात असेल, तर भरपाई कायद्याचे दार बंद आणि लाभ ईएसआयकडून. म्हणून पगाराची स्लिप आधी पाहावी, वकील नंतर ठरवावा.

कामगार न्यायालयात वकील लागतोच का?

औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ मध्ये समेटाच्या टप्प्यावर वकिलाला बंदी होती. पुढे न्यायालयातही समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागे. नव्या संहितेने हीच रचना ठेवली आहे. कंपनीच्या महागड्या वकिलापुढे कामगार एकटा पडू नये, हा हेतू. मात्र कंपनीचा कायदा शिकलेला अधिकारी किंवा उद्योजक संघटनेचा वकील-पदाधिकारी हजर राहू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच पारादीप पोर्ट ट्रस्ट प्रकरणात मान्य केले. त्यामुळे हे संरक्षण कागदावर दिसते त्यापेक्षा पातळ आहे. स्वतःच्या बाजूने संघटनेचा जाणकार पदाधिकारी उभा करण्याचा हक्क कामगारालाही आहे, पण कंत्राटी कामगाराच्या मागे अनेकदा संघटनाच नसते.

कामगार न्यायालयाच्या निकालाविरुद्ध रिट याचिका जालना रोडवरील औरंगाबाद खंडपीठात जाते. २७ ऑगस्ट १९८१ रोजी खंडपीठ सुरू झाले नसते, तर त्यासाठी मुंबई गाठावी लागली असती. तिथे वकिलावर संमतीची अट नाही आणि कंपनी सीनियर ॲडव्होकेट उभा करते, तो बहुधा याच टप्प्यावर.

फी परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क असलेल्यांत औद्योगिक कामगार स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांप्रमाणे त्यालाही उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, हेल्पलाइन १५१००. जाताना नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिप, गेटपास, यूएएन, बँक पासबुक आणि कामावरून कमी केल्याची तारीख दाखवणारा कोणताही कागद किंवा व्हॉट्सॲप मेसेज सोबत ठेवावा. ९० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.